गीझर लावला की नळाला करंट: अर्थिंगचा खड्डा असूनही असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडच्या एका गावात नवीन घर बांधलं आहे. कनेक्शन सिंगल फेज, जमीन मुरमाड. वायरमनने तीन फूट खड्डा काढून, त्यात जीआय पाइपचा तुकडा, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं. गीझर चालू केला की नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. बोर्डात आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच) होता, पण तो सारखा पडतो म्हणून काढून टाकला आहे. आता आणखी एक खड्डा करावा की मीठ वाढवावं?

आधी तातडीचं. गीझरची पिन सॉकेटमधून काढून ठेवा आणि कारण सापडेपर्यंत तो वापरू नका. आरसीसीबी सारखा पडत होता म्हणजे तो बिघडला होता असं नाही. बहुतेक तो याच गीझरचं लिकेज, म्हणजे बॉडीत गळणारा करंट, दाखवत होता, आणि आपण दाखवणाऱ्यालाच बाहेर काढलं.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे अर्थिंग म्हणजे खड्डा असं समीकरण बसलं आहे. करंट जमिनीत गेला की संपला, असं लोक धरून चालतात. करंट जमिनीत जिरत नाही. तो डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, न्यूट्रलकडे परत जातो, कारण डीपीवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. फॉल्टच्या वेळी, म्हणजे फेज उपकरणाच्या बॉडीला लागली की, करंटची वाट अशी असते: डीपी, खांबावरची फेज, तुमचं मीटर, गीझरची बॉडी, हिरवी वायर, तुमचा खड्डा, मधली माती, डीपीचा खड्डा आणि पुन्हा न्यूट्रल. या वाटेवर जितका अडथळा जास्त, तितका करंट कमी आणि एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) पडण्याची शक्यताही कमी.

तुमच्याच खड्ड्याचा हिशेब करू. मुरमाची रोधकता, म्हणजे तो करंटला किती अडवतो ते, ओलाव्याप्रमाणे बदलते, आपण १०० ओहम-मीटर धरू. ४० मिमीचा पाइप जेमतेम ०.९ मीटर खाली गेला असेल तर त्याचा रोध सुमारे ७४ ओहम येतो. डीपीच्या बाजूला २ ओहम धरा. गीझरच्या एलिमेंटमधून फेज थेट बॉडीला चिकटली, तर २३० भागिले ७६, म्हणजे साधारण ३ ॲम्पिअर करंट वाहील. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीच्या लेखी हा एखादी इस्त्री लावल्याइतका भार. तो पडणारच नाही. तोवर गीझरची बॉडी, पाण्याच्या पितळी जोडण्या आणि नळ हे सगळं जमिनीच्या तुलनेत सव्वादोनशे व्होल्टच्या आसपास राहील. तुम्हाला सध्या झिणझिण्याच येतात, कारण एलिमेंट अजून पूर्ण फुटलेलं नाही. लिकेज अर्धा ॲम्पिअर असेल तरी या खड्ड्यावर ३७ व्होल्ट चढतात, आणि ओल्या अंगाला तेवढे जाणवतात.

बरं, खड्डा उत्तम केला आणि रोध ८ ओहमवर आणला तर? करंट २३ ॲम्पिअर. १६ ॲम्पिअरचा एमसीबी एवढ्यावर पडायला एक तासही घेऊ शकतो, कारण सी प्रकारचा एमसीबी तात्काळ पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० ॲम्पिअर लागतात. त्या तासभर बॉडीवर १८४ व्होल्ट असतील. खड्डा २ ओहमपर्यंत खाली आणून, डीपीचा १ आणि तारांचा अर्धा ओहम धरला, तरी करंट ६६ ॲम्पिअरच होतो. म्हणून घरातल्या खड्ड्याच्या जोरावर एमसीबी पाडण्याचा नाद सोडून द्यावा. खांबावरून घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात आणि अर्थ आपल्या खड्ड्याचा असतो, अशा घरात जीव वाचवतो तो आरसीसीबी. खड्ड्याचं काम त्याला पडण्याइतका करंट मिळवून देण्याचं.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक ३० मिलिॲम्पिअर झाला की तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो, आणि फरक १५० मिलिॲम्पिअर असेल तर ०.०४ सेकंदात. आता तुमच्या ७४ ओहमच्या खड्ड्याकडे पुन्हा बघा. एमसीबीसाठी जो ३ ॲम्पिअर क्षुल्लक होता, तो आरसीसीबीसाठी मर्यादेच्या शंभर पट आहे. बॉडीवर ५० व्होल्टपेक्षा जास्त टिकू नये एवढीच अट धरली, तर ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीला हिशेबाने १,६०० ओहमचा खड्डाही चालेल. उन्हाळ्यात माती वाळून रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्षात १०० ओहमच्या आत ठेवावा. तोही सहज मिळतो. आरसीसीबीशिवाय ५ ओहमचा खड्डा धोकादायक, आरसीसीबीसह ५० ओहमचा खड्डा सुरक्षित. वायरमनशी बोलताना हे वाक्य स्पष्ट सांगा.

मग अर्थ वायर नसली तरी आरसीसीबी पुरतो का? नाही. वायर तुटलेली असेल तर फॉल्ट झाल्यावर आरसीसीबीला काहीच कळत नाही. माणसाचा हात लागेल तेव्हा त्याच्या अंगातून करंट गेल्यावर तो पडतो. अंगाचा रोध १,००० ओहम धरला तर २३० मिलिॲम्पिअर, म्हणजे तो क्षणात पडेल आणि बहुधा जीव वाचेल, पण झटका बसेल. शिडीवरचा माणूस त्या झटक्यानेच खाली येतो. अर्थ वायर शाबूत असेल तर फॉल्ट झाल्या क्षणी, कोणी हात लावायच्या आधीच, पुरवठा तुटतो. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल असा शॉक बसला तर आरसीसीबी त्यात काही करू शकत नाही; त्याला तो साधा भार वाटतो.

आता तो सारखा का पडत होता ते शोधू. मेन बंद करून गीझरची पिन काढा आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) पिनेच्या फेज-न्यूट्रलपासून अर्थ पिनेपर्यंत लावून घ्या. गीझरचा थर्मोस्टॅट आणि स्विच चालू स्थितीत हवा, नाहीतर एलिमेंट मोजलंच जात नाही. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर एलिमेंट बदला. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार चढतात, नळी जास्त तापते, तडकते आणि आतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी शिरतं. साध्या मल्टिमीटरवर हा दोष कित्येकदा दिसत नाही, कारण तो अगदी थोड्या व्होल्टवर मोजतो.

गीझर निर्दोष निघाला तर पुढचा संशय इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टर घरात आला की वायरमन त्याचा न्यूट्रल बोर्डातल्या सगळ्या न्यूट्रलांच्या पट्टीवर जोडून टाकतात. मग काही दिव्यांची फेज आरसीसीबीतून जाते आणि न्यूट्रल बाहेरून परत येतो, किंवा उलट. फरक दिसतो, आरसीसीबी पडतो, आणि दोष मात्र आरसीसीबीला मिळतो. इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचा न्यूट्रल पूर्ण वेगळा ओढा, त्यांची पट्टी वेगळी ठेवा आणि त्यांना इन्व्हर्टरच्या पुढे स्वतंत्र आरसीसीबी द्या. जिन्याच्या दिव्याच्या दुहेरी स्विचमध्येही हाच घोळ असतो: खालच्या मजल्याची फेज, वरच्या मजल्याचा न्यूट्रल.

तिसरं कारण म्हणजे साठत गेलेलं लिकेज. कॉम्प्युटर, टीव्ही, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागातून) थोडा थोडा करंट अर्थमध्ये नेहमीच जात असतो. आरसीसीबी १५ ते ३० मिलिॲम्पिअरच्या मधे कुठेही पडू शकतो, त्यामुळे रोजचं लिकेज १० मिलिॲम्पिअरच्या आत ठेवावं. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी देण्याऐवजी दोन किंवा तीन द्या: बाथरूम आणि स्वयंपाकघर एकावर, बाकी खोल्या दुसऱ्यावर. इन्व्हर्टर एसी किंवा आधुनिक वॉशिंग मशीन असेल तिथे ए टाइपचा आरसीसीबी घ्या. एसी टाइपच्या आरसीसीबीला अर्धलहरींचं लिकेज नीट ओळखता येत नाही. घेताना त्यावर आयएस १२६४० हा क्रमांक छापलेला बघा. आणि आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, म्हणून एमसीबी लागतोच.

या फिल्टरमुळे आणखी एक गोष्ट होते. अर्थ नसलेल्या दोन पिनांच्या सॉकेटवर लावलेल्या कॉम्प्युटरच्या पेटीला मुंग्या आल्यासारखं जाणवतं. फिल्टरची मधली जोडणी फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मधे असते, त्यामुळे पेटीवर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात, पण करंट अगदी थोडा असतो. तीन पिनांचं सॉकेट आणि चालू अर्थ दिला की ते जातं. गीझर, फ्रीज, मिक्सर किंवा पंपावर मात्र अशा झिणझिण्यांना कधीही किरकोळ समजू नये.

खड्ड्याकडे वळू. आरसीसीबी लावला तरी ३ फुटांचा तुकडा ठेवू नका, कारण वरची माती मे महिन्यात पार वाळते. भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणे पाइप इलेक्ट्रोड किमान २.५ मीटर लांब आणि ४० मिमी आतल्या व्यासाचा हवा, आणि भिंतीपासून १.५ मीटर दूर. बाजारात पाइप ३ मीटरचा घ्या. लांबी हाच यातला खरा गुण आहे. रोधकता ५० ओहम-मीटर असलेल्या मातीत ३ मीटर पाइपचा रोध १४ ओहम येतो. पाइप दुप्पट जाड केला तर १२.५ ओहम होतो, दुप्पट लांब केला तर ८. जाडीवर पैसे घालू नका.

चार बाय चार फुटांचा खड्डा खणायची गरज नाही. १५० मिमी व्यासाचं, ३ मीटर खोल भोक ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) पाडा. पाइपला खालच्या दोन मीटरमध्ये दर १५ सेंमीवर १२ मिमीची भोकं पाडून तो मधोमध उभा करा. भोकाची उरलेली जागा सुमारे ४८ लिटर असते. २५ किलोची बेंटोनाइटची (ओलावा धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची) एक गोणी आणि तेवढीच चाळलेली काळी माती पुरते. पाण्यात पातळ राबडी करून तळापासून भरा, हवेची पोकळी राहू देऊ नका. ही भर महत्त्वाची, कारण इलेक्ट्रोडच्या एकूण रोधाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाइपच्या भोवतालच्या पहिल्या एका फुटातच असतो.

कोळसा-मिठाने सुरुवातीला आकडा छान येतो यात खोटं नाही. पण मीठ पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातं, आणि जाता जाता जीआयचा जस्ताचा थर खाऊन टाकतं. काही वर्षांनी पाइप वर धडधाकट आणि खाली भुगा, असा निघतो. जागा अशी निवडा की बाथरूमचं किंवा आरओचं वाया जाणारं पाणी तिथे मुरेल. बेंटोनाइट कोरडं पडलं की आक्रसतं आणि पाइप सोडतं, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा दोन बादल्या पाणी घाला.

सगळ्यात जास्त बिघडते ती वरची जोडणी. पाइपच्या टोकाला जीआयचा क्लॅम्प, त्याला २५ बाय ४ मिमीची जीआय पट्टी, दोन नटबोल्ट, स्प्रिंग वॉशर. जोडायच्या पृष्ठभागावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत काढा. बोल्ट आवळल्यावर वरून डांबरी रंग द्या. बरेच जण आधी ऑइल पेंट मारतात आणि त्यावर लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आवळतात. मग रंगाचाच थर इन्सुलेशन होऊन बसतो. तांब्याची वायर थेट जीआयवर ओल्या चेंबरमध्ये बांधू नका, जस्त झिजतं. कथील चढवलेला लग वापरा आणि जोडणी कोरड्या जागी, म्हणजे भिंतीवरच्या पेटीत घ्या. टोकावर ३०० मिमी चौरस चेंबर आणि झाकण करा. पुढच्या वेळी मोजायला खोदायला लागू नये.

डेक्कन ट्रॅपच्या आपल्या पठारावर खरी अडचण वेगळीच असते: दीड मीटरवर कातळ लागतो आणि पहार उडते. अशा ठिकाणी खोल जायचा हट्ट धरू नका, आडवे जा. ६० सेंमी खोल चर काढून १५ मीटर लांब २५ बाय ४ ची जीआय पट्टी आडवी टाका आणि वर काळी माती भरा. त्याच १०० ओहम-मीटरच्या मुरमात ३ मीटर उभ्या पाइपचा रोध जवळपास २९ ओहम येतो, या पट्टीचा ११. कोकणात जांभ्यातून पाणी भराभर निघून जातं, तिथे ही आडवी पट्टी आणि भराव दोन्ही लागतात. दोन पाइप टाकायचे असतील तर त्यांच्यात लांबीच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटर अंतर ठेवा. शेजारी शेजारी टाकले तर दोघे एकाच मातीवर अवलंबून राहतात आणि दुसऱ्याचा खर्च वाया जातो.

घरातली हिरवी वायर १६ चौ. मिमीपर्यंत फेजच्या वायरएवढीच हवी: साध्या सॉकेटला २.५, गीझर-एसीला ४. ती प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या पिनेपर्यंत पोहोचली आहे का ते बघा. मेन बंद करा, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, एक टोक बोर्डातल्या अर्थ पट्टीवर आणि दुसरं सॉकेटच्या वरच्या छिद्रात. २.५ चौ. मिमी तांब्याच्या २० मीटर वायरचा रोध फक्त ०.१५ ओहम असतो. मीटरच्या आपल्या वायरचा रोध वजा करून अर्ध्या ओहमपेक्षा जास्त आला तर कुठेतरी पीळ मारून टेप लावलेली जोडणी आहे.

खड्डा मोजायची सर्रास पद्धत म्हणजे फेज आणि अर्थच्या मधे बल्ब लावून बघणं. १०० वॅटच्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. ५० ओहमच्या खड्ड्यावरही त्याला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. मल्टिमीटरवर फेज ते अर्थ २३० दिसणं याचा तर त्याहून कमी अर्थ, कारण मीटरचा स्वतःचा रोध काही मेगाओहम असतो. खरी मोजणी अर्थ टेस्टरने होते. पाइप घराच्या वायरिंगपासून सोडवा. त्यापासून ४० मीटरवर करंटचा खिळा ठोका आणि त्याच रेषेत २५ मीटरवर व्होल्टेजचा. रीडिंग घ्या, मधला खिळा दोन-तीन मीटर पुढे-मागे करून पुन्हा घ्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच ते खरे. मोजणी मे महिन्यात करा; जुलैतला आकडा तुम्हाला फसवेल. हे करताना मेन बंद हवा, कारण तेवढा वेळ घराला अर्थ नसतो.

आरसीसीबीचं टेस्ट बटण तीन महिन्यांतून एकदा दाबा. ते फक्त आरसीसीबी यंत्र म्हणून चालतं का एवढंच सांगतं. बाहेरची अर्थ वायर तुटली असली तरी बटणाने तो पडतोच. वायर आणि खड्डा वरच्या पद्धतींनी वेगळेच तपासावे लागतात.

आता एक गोष्ट जी कोणी सुचवली तरी करू नका. "अर्थ मिळत नाही ना, मग सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू." वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, किंवा मीटरजवळ तो सैल झाला, की घरातला प्रत्येक चालू दिवा फेजला त्या न्यूट्रलवर ढकलतो आणि जोडणीमुळे फ्रीजपासून गीझरपर्यंत सगळ्या बॉड्यांवर जवळपास २३० व्होल्ट येतात. वर आरसीसीबी असेल तर तो एक तर सतत पडेल, नाहीतर फॉल्ट त्याला दिसणारच नाही. न्यूट्रल जमिनीला डीपीवर जोडायचा असतो, तुमच्या घरात नाही. डीपीपासून मीटरपर्यंतच्या भागाला हात लावायचा अधिकार वीज कंपनीचा. तिथे संशय असेल तर तक्रार नोंदवा. नियमाप्रमाणे पुरवठादाराने तुमच्या जागेत अर्थ टर्मिनलही द्यायला हवं, ते मागा.

घराशेजारी शेतीचा पंप असेल तर हेच सगळं तिथे अधिक कडक लागतं, कारण माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून लोखंडी पॅनल उघडतो. सबमर्सिबलची चपटी केबल तीनच कोअरची असते, तिच्यात अर्थ वायर नसते. जुन्या जीआय पाइपच्या बोअरमध्ये मोटरला पाइपातूनच अर्थ मिळायचा. आता एचडीपीईचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप टाकला की मोटर सुटी लटकते. पॅनलच्या अर्थ पट्टीपासून वेगळी तांब्याची वायर केबलबरोबर खाली सोडून मोटरच्या बॉडीला जोडा आणि लोखंडी केसिंग असेल तर तेही त्याच पट्टीला बांधा. पॅनलजवळ ३ मीटरचा स्वतंत्र पाइप आणि १०० मिलिॲम्पिअरचा चार पोलचा आरसीसीबी लावा. त्याला ५०० ओहमपर्यंतचा खड्डा पुरतो, तरी १०० च्या आतच ठेवा. तीन फेजच्या पंपाला न्यूट्रल नसतो, आणि कित्येक आरसीसीबींचं टेस्ट बटण एक फेज आणि न्यूट्रल पोलच्या मधे असतं. बटण दाबून तो पडला नाही तर झाकणावरची आकृती बघा आणि बटणाच्या दोन्ही पोलना खरोखर व्होल्टेज मिळतं का ते वायरमनकडून तपासून घ्या. ही तपासणी पंप पहिल्यांदा चालू करण्याआधी करा.